समुद्र आपल्या घरी
(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, षष्ठीच्या संध्याकाळी, एयरोसिटीतील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘घरच्या घरी समुद्र’ असा विषय छापला आहे. तो वाचून बऱ्याच जणांनी मला विचारले, "साहेब, तुम्ही रेल्वेचे माणूस. रूळ, पूल, खडी यावर बोलायचे सोडून समुद्र कुठून काढलात?" प्रश्न रास्त आहे. मी स्थापत्यातला पदविकाधारक, नोकरी रेल्वेत, जन्म भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला. आमच्याकडे समुद्र नव्हता, तापी होती. शिक्षणशास्त्राची कोणतीही पदवी माझ्याकडे नाही. पण घरात दोन लहान मुले आहेत आणि आमच्या सौ. गुहागरच्या आहेत. त्यामुळे समुद्र आमच्या घरात माहेरच्या वाटेने आला, तो आलाच. गेल्या तीन-चार वर्षांत आम्ही घरी जे काही करून पाहिले, तेवढेच आज सांगणार आहे.

सुरुवात मात्र रेल्वेपासूनच करतो. कोणत्याही स्टेशनवर फलाटाच्या टोकाला गावाच्या नावाची मोठी पिवळी पाटी असते. तिच्यावर नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. चढ-उतार आणि पुलांची कामे करताना सगळ्यांनी एकाच पातळीपासून मोजायला हवे, म्हणून ही पद्धत पडली. ती एक पातळी म्हणजे समुद्राची सरासरी पातळी. आपल्या देशात ती ठरवण्यासाठी नऊ बंदरांवर वर्षानुवर्षे भरती-ओहोटी मोजली गेली आणि १९०९ साली ती निश्चित झाली. त्या नऊ बंदरांत आपल्या मुंबईचे अपोलो बंदरही होते. म्हणजे इथे पंजाबात, जिथे समुद्राचे नखही दिसत नाही, तिथेसुद्धा जमिनीची उंची समुद्रापासूनच मोजली जाते.

आपली एयरोसिटी समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरहून थोडी उंच आहे. सर्वांत जवळचा समुद्रसुद्धा सरळ रेषेत हजार किलोमीटरवर. तीनशे मीटर उतार हजार किलोमीटरवर वाटला तर किलोमीटरला साधारण एक फूट पडतो. इतक्या हलक्या उतारावर ठेवलेला चेंडूसुद्धा घरंगळणार नाही, पण पाणी मात्र जाते. चंदीगड-मोहालीला कजौलीहून जे पाणी येते, ते भाक्रा कालव्याचे, म्हणजे सतलजचे. सतलज पुढे चिनाबला मिळते, चिनाब सिंधूला आणि सिंधू कराचीजवळ अरबी समुद्राला. गुहागर, मालवण, अलिबागचा समुद्रही तोच. उलट इथून जवळच वाहणारी घग्गर समुद्रापर्यंत पोचतच नाही, ती राजस्थानच्या वाळूत जिरून जाते. मुलांना नकाशावर या दोन नद्या बोटाने गिरवायला द्या. एक समुद्राला मिळणारी, एक वाटेतच हरवणारी. आमच्या मुलाने ताबडतोब घग्गरची बाजू घेतली होती!

हे कशासाठी?

आता तुम्ही म्हणाल, समुद्र शिकवायचा हट्ट कशाला? शाळेत पुढे येईलच की भूगोलात. येईल, पण तो इंग्रजीत येईल, नाहीतर हिंदी-पंजाबीत. माझी काळजी वेगळी आहे.

गुहागरला माझे सासरे एकटे असतात. वय झाले आहे. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. दोन-तीन वर्षांपूर्वी ते नातीला मोठ्या उत्साहाने सांगत, "आज उधाण आलंय गं, पाणी पार सुरूच्या बनापर्यंत चढलं." नात ‘हो’ म्हणायची आणि फोन आईच्या हातात द्यायची. तिला ‘उधाण’ कळत नव्हते. ‘सुरूचे बन’ तिने पाहिले नव्हते. आजोबा जे जगत होते, ते त्यांच्या भाषेत सांगत होते, आणि ती भाषा फोनच्या या टोकाला पोचत नव्हती. दोघांचे एकमेकांवर जीवापाड प्रेम, पण बोलायला विषय दोनच उरले होते: "जेवलीस का?" आणि "कधी येणार?"

हे फक्त आमच्या घरचे नाही. इथे बसलेल्या बहुतेक घरांत आजी-आजोबा तिकडे आणि नातवंडे इकडे आहेत. कुणाकडे समुद्राऐवजी उसाचा फड असेल, कुणाकडे कापसाचे शेत असेल. पण गोष्ट तीच. आपण घरी मराठी बोलतो, परंतु ती बहुतेक वेळा ‘दूध पी, बूट घाल, गृहपाठ झाला का’ एवढीच असते. एवढ्या मराठीवर नाते फार दूर जात नाही.

शिवाय समुद्राचे शब्द केवळ कोकणाचे नाहीत. आमच्या भुसावळलाही नोकर‘भरती’ होते, आनंदाला ‘उधाण’ येते, धंद्याला ‘ओहोटी’ लागते, कुणी संस्थेचे ‘सुकाणू’ हाती घेतो, कुणी गावात ‘नांगर’ टाकून बसतो, कुणाची ‘नाव किनाऱ्याला’ लागते. समुद्रापासून शेकडो कोस दूर राहणारा मराठी माणूसही रोज समुद्राच्या भाषेत बोलतो. मुलाने भरती कधी अनुभवलीच नाही, तर हे सारे शब्द त्याला पाठ करावे लागतील. आणि पाठ केलेले शब्द परीक्षेनंतर विसरतात, हे आपण सगळे जाणतो.

बोर्डीचा धडा

हा मार्ग आपल्याकडे फार पूर्वी दोन थोर बायकांनी घालून दिला आहे. गुजरातच्या हद्दीजवळ, पश्चिम रेल्वेच्या घोलवड स्टेशनपासून जवळ, बोर्डी नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यापूर्वी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला होता. बोर्डीत अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची परदेशी साधने महाग. खेड्यातल्या, पाड्यावरच्या मुलांना ती कुठून मिळणार? तेव्हा या दोघींनी गावात, रानात, किनाऱ्यावर जे फुकट मिळते त्यालाच साधन केले. शंख, शिंपले, गोटे, बिया, पाने, माती. शिंपले मोजायचे, लहान-मोठे लावायचे, गुळगुळीत-खरखरीत ओळखायचे. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज देशभर रूढ असलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दामागे ही सारी खटपट आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली.

त्यांच्याकडून मी एवढेच घेतले: वस्तू आधी मुलाच्या हातात द्यायची, शब्द तिच्या मागून येतो. बोर्डीला समुद्र दाराशी होता. आपल्याकडे नाही. मग आपण परातीत आणू.

आम्ही केलेले काही खेळ

हे खेळ साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. एकाही खेळासाठी बाजारातून खेळणे आणावे लागत नाही.

१. मिठाचे पाणी. एक लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ घाला. स्वयंपाकघरात वजनकाटा नसेल तर पोह्याचे तीन सपाट चमचे धरा. साधारण इतकेच खारट समुद्राचे पाणी असते. एक थेंब जिभेवर ठेवून पाहू द्या, प्यायला देऊ नका. आता त्यात एक छोटा बटाटा सोडा. बुडेल. मग मुलालाच चमच्या-चमच्याने मीठ घालून ढवळू द्या. पहिल्याच्या चार-पाच पट मीठ झाले की बटाटा वर येतो. तेव्हा मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. त्याच वेळी सांगायचे: ‘बुडणे’, ‘तरंगणे’, ‘खारट’, ‘विरघळणे’. नंतर समुद्राइतकेच खारट थोडे पाणी ताटलीत ओतून गच्चीवर उन्हात ठेवा. मे-जूनमध्ये एक-दोन दिवसांत, आत्ताच्या दमट हवेत तीन-चार दिवसांत पाणी उडून जाते आणि तळाशी मीठ उरते. हेच मिठागर. वसई, उरण, पेण इथली मिठागरे अशीच चालत आली. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याने आणि मुंबईच्या वडाळ्याने भाग घेतला होता, ही गोष्ट मोठ्या मुलांना इथेच सांगता येते. समुद्र खारट का, याचे उत्तरही ताटलीतच आहे. नद्या खडकांतून क्षार धुऊन आणतात, पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. आपली सतलजही त्यात आपला वाटा टाकत आली आहे.

२. होडी. पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचे दोन सारखे तुकडे घ्या. एकाची घट्ट चुरगाळून, ठोकून गोळी करा, दुसऱ्याची होडी. पाण्याच्या टबात गोळी बुडते, होडी तरंगते. वजन तेच! मग होडीत एकेक रुपयाची नाणी ठेवत जायचे आणि किती नाण्यांनंतर बुडते ते मोजायचे. नाणी एकाच बाजूला ठेवली की होडी लवकर कलंडते, हे मुले आपणहून शोधतात. मालगाडीचा डबा भरताना आम्हीही हेच पाहतो. इथे ‘शीड’, ‘वल्हे’, ‘सुकाणू’, ‘नांगर’, ‘धक्का’ हे शब्द खेळता खेळता येतात. दोऱ्याला बांधलेला खिळा हा आमचा नांगर आहे.

३. शंखातली गाज. समुद्राच्या सततच्या आवाजाला ‘गाज’ म्हणतात, किती सुंदर शब्द आहे! बहुतेकांच्या देवघरात शंख असतो. तो कानाला लावला की गाज ऐकू येते. मग त्याच मुलाला स्टीलचा पेला कानाला लावायला सांगा. तिथेही तसाच आवाज येतो. खरे तर समुद्र ना शंखात असतो ना पेल्यात. आपल्या आजूबाजूचे बारीक आवाजच त्या पोकळीत घुमतात. हे सांगितल्याने मुलाचा विरस होतो असे मला वाटले होते, पण तसे होत नाही. घरातली प्रत्येक बरणी, तांब्या आणि डबा कानाला लावून पाहिला जातो.

४. परातीतला जलदुर्ग. दिवाळीत आपण किल्ला करतोच. या वर्षी तो पाण्यात करा. मोठ्या परातीत किंवा टबात मधोमध ओल्या वाळूचे बेट करायचे आणि भोवती पाणी. कोरडी वाळू घसरते, ओली उभी राहते, फार ओली वाहून जाते, हे हाताला कळू द्या. मालवणचा सिंधुदुर्ग कुरटे बेटावर आहे. १६६४ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि १६६७ मध्ये पुरे झाले. चारी बाजूंना खारे पाणी, आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. ही नावे मुले एकदा ऐकून विसरत नाहीत. बाटलीची तीन झाकणे वाळूत पुरली की तीन विहिरी तयार. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले गेले, त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार समुद्रातले-समुद्राकाठचे आहेत. पाणी हाताने हलवून लाटा करा आणि तट कुठून ढासळतो ते पाहा. मग तिथे खडे लावून पुन्हा बांधायचा. माझ्या नोकरीतला निम्मा भाग हाच आहे!

५. कासवाची अंडी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला येतात. मादी वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. साधारण पन्नास-साठ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने, म्हणजे चमकणाऱ्या समुद्राकडे, धावतात. २००२ पासून वेळासच्या गावकऱ्यांच्या साथीने तिथे या अंड्यांचे रक्षण केले जात आहे. घरी शंभर काबुली चणे वाळूत पुरायचे. मुलाने ते उकरून काढायचे आणि दहा-दहाचे ढीग करायचे. दशक म्हणजे काय हे वहीत शिकवताना आम्ही घामाघूम झालो होतो, ते इथे पंधरा मिनिटांत झाले. मग खोलीत अंधार करून एका टोकाला बॅटरी लावायची आणि पिल्लांनी रांगत तिकडे जायचे. मध्येच कुणीतरी दुसऱ्या बाजूला दिवा लावायचा. पिल्ले चुकतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे दिवे कासवांना का नको असतात, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

६. भरतीचे घड्याळ. हा माझा सर्वांत आवडता खेळ. कोकणात जुनी माणसे घड्याळाशिवाय भरतीची वेळ सांगत. ठोकताळा सोपा आहे: त्या दिवशीची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची, तेव्हा हे तोंडी व्हायचे. आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे आज दुपारी साडेचारच्या सुमारास आपल्या कोकण किनाऱ्यावर भरती झाली. आत्ता सात वाजले आहेत, तेव्हा तिकडे पाणी उतरते आहे. पहाटेही साधारण त्याच सुमारास एक भरती असते, कारण दोन भरत्यांमध्ये सव्वाबारा-साडेबारा तासांचे अंतर असते. उद्या सप्तमीला वेळ पाऊण तास पुढे जाईल. चंद्र रोज तितकाच उशिरा उगवतो, म्हणून भरतीही उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास येते ती उधाणाची भरती, आणि अष्टमीच्या सुमारास येते ती भांगेची, म्हणजे कमी जोराची. अनंत चतुर्दशी पौर्णिमेला लागून येते, म्हणून मुंबईत विसर्जनाच्या दिवशी समुद्राला एवढे उधाण असते. हा ठोकताळा आहे, वेळापत्रक नव्हे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, कधी जास्तही. समुद्रात उतरायचे असेल तर त्यावर विसंबू नये. नेमक्या वेळांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके असतात. पण फोनवर आजोबांना विचारायला एवढे पुरते.

आमच्या घरी पुठ्ठ्याची एक तबकडी आहे. दिनदर्शिकेत तिथी पाहायची आणि काटा फिरवायचा. हे काम धाकटीकडे आहे, ती सहा वर्षांची आहे. संध्याकाळी फोन आला की ती आधी विचारते, "आजोबा, आज साडेचारला भरती होती ना?" आजोबा सांगतात, "नाही गं, पाच वाजले. वारा होता." मग वारा कुठला, किती लाटा, होड्या बाहेर गेल्या का, ‘पुळणी’वर कोण भेटले, असे बोलणे वीस-वीस मिनिटे चालते. पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू, हा शब्द मला माझ्या मुलीकडून कळला! सासरे आता मुद्दाम संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन येतात, कारण नातीला उत्तर द्यायचे असते. सौ. म्हणतात की त्यांची गुडघ्याची तक्रारही कमी झाली आहे. ते मात्र मी वैद्यकीय सल्ला म्हणून सांगत नाही.

काही पथ्ये

एक, पाण्याच्या टबाजवळ लहान मुलाला क्षणभरही एकटे सोडू नका, पाणी वीतभर असले तरी. खेळ संपला की टब लगेच रिकामा करा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चणे, नाणी, बारीक शिंपले देऊ नका, ती तोंडात घालतात.

दोन, खेळाची परीक्षा करू नका. "सांग बरं, नांगराला इंग्रजीत काय म्हणतात?" असे विचारले की खेळ संपला. आपण आपले मराठीत बोलत राहायचे. मुलाने हिंदी-पंजाबीत उत्तर दिले तरी चालेल. त्याला न टोकता आपण तोच शब्द मराठीत पुन्हा वापरायचा.

तीन, वेळ. आपल्यापैकी बरेच जण पाळीत काम करतात, अनेक घरांत दोघेही नोकरी करतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास पुरे. रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत एक खेळ होतो.

चार, पडदा. मोबाइलवर समुद्राची चित्रे सुरेख दिसतात, ती दाखवायला माझी ना नाही. पण पडद्यावरचे पाणी हाताला लागत नाही आणि खारटही नसते. आधी परात, मग पडदा.

"इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलावर मराठीचे ओझे कशाला?" असे काही पालक विचारतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा लहान वयात शक्य तिथे घरची भाषा हेच शिकण्याचे माध्यम असावे आणि शिक्षण खेळातून व्हावे, असे म्हटले आहे. आपल्या मुलांना मराठीतून शाळा इथे मिळणार नाही, हे खरे आहे. म्हणून तर तेवढा भाग घराने उचलायचा. ज्या मुलाला ‘विरघळणे’ घरी हाताने कळले, त्याला शाळेत तोच धडा कोणत्याही भाषेत आला तरी अडत नाही.

आणि एक सहल सुचवतो. आपल्याजवळच कालका आहे. तिथून शिमल्याची छोटी गाडी १९०३ पासून धावते. कालक्याची उंची सुमारे ६५६ मीटर, शिमल्याची सुमारे २,०७६ मीटर. ९६ किलोमीटरच्या वाटेवर प्रत्येक स्टेशनची पाटी मुलांना वाचू द्या आणि वहीत उंची लिहू द्या. डोंगर चढता चढता मुले समुद्रापासून मोजत जातील. पुढे कधी चंदीगडहून मडगावला जाणाऱ्या गोवा संपर्क क्रांतीने कोकणात उतराल, तेव्हा हेच आकडे कसे उतरत जातात तेही पाहता येईल.

मंडळाकडे एक मागणी

शेवटी अध्यक्षांकडे एक विनंती आहे. आपल्या मंडळाकडे झांजा, ढोल, सतरंज्या, मोठी पातेली असे सगळे सामाईक सामान आहे. त्यात एका पेटीची भर घालावी. सुट्टीत जो कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात जाईल, त्याने येताना मूठभर रिकामे शिंपले आणावेत. जिवंत प्राणी आत असेल तर तो उचलायचा नाही, हेही मुलांना तिथेच शिकवावे. प्रत्येक शिंपल्याबरोबर एक चिठ्ठी: कुठला किनारा, कुणाच्या आजी-आजोबांचे गाव. ही पेटी दर महिन्याला एका घरी जावी. ज्यांचे गाव विदर्भात किंवा मराठवाड्यात आहे, त्यांनी आपल्या गावची बियांची, दगडांची, मातीची पुडी घालावी. कापसाचे बोंड घाला, ज्वारीचे कणीस घाला. पेटी समुद्राची असली तरी तिच्यात गाव सगळ्यांचे मावेल. आणि पेटी ज्या घरी असेल, त्या घरच्या आजी-आजोबांना एका रविवारी फोनवर सगळ्या मुलांशी बोलायला बोलवावे. त्यांच्याकडे सांगण्यासारखे खूप आहे. ऐकणाऱ्याला शब्द माहीत असले म्हणजे झाले.

या कामाला वर्गणी लागत नाही, मंडप लागत नाही, परवानगी लागत नाही. एक परात, मूठभर मीठ आणि अर्धा तास एवढेच लागते. तेवढे आपण देऊ शकतो असे मला वाटते.

आरतीची वेळ झाली आहे आणि मागच्या सतरंजीवर चुळबूळ वाढली आहे, म्हणून थांबतो. 

गणपती बाप्पा मोरया!